रेल्वेचं इंजिन चालवायची नोकरी : आतून कशी असते?



गेल्या काही महिन्यांत वेगवेगळ्या गावांतल्या बैठकांमध्ये एकच प्रश्न कानावर आला. "माझी पोरगी आयटीआय झालीय. तिला रेल्वेच्या इंजिन ड्रायव्हरचा फॉर्म भरायचाय. भरू द्यावा का?" प्रश्न आला की बैठकीत दोन बाजू पडतात. एक बाजू म्हणते, "सरकारी नोकरी आहे, डोळे झाकून भरा." दुसरी म्हणते, "रात्री-अपरात्रीचं काम, बाईमाणसाला झेपायचं नाही." गंमत अशी की हे काम नक्की काय असतं, हे दोन्ही बाजूंना माहीत नसतं. आपल्या चाळीसगाव-पाचोरा पट्ट्यातून दिवसरात्र गाड्या धावतात, आपण फाटकापाशी उभ्या राहून त्या बघतो, पण इंजिनाच्या काचेमागे कोण बसलंय आणि काय करतंय, याचा विचार कधी केलेला नसतो.

म्हणून यावेळचं पान त्यासाठी. हे काम करणाऱ्या दोन मुलींशी आणि एका अनुभवी काकांशी मी सविस्तर बोलले, भरतीची जाहिरातही नीट वाचली. जे कळलं ते चांगलं-वाईट दोन्ही सांगते. ठरवायचं तुम्ही आणि तुमच्या मुलींनी.

ड्रायव्हर नव्हे, लोको पायलट

आपण 'इंजिन ड्रायव्हर' म्हणतो, रेल्वेत त्याला 'लोको पायलट' म्हणतात. इंजिनात सहसा दोघं असतात, लोको पायलट आणि सहायक लोको पायलट. नवी भरती होते ती सहायकाच्या जागेवर. काही वर्षं सहायक म्हणून काम केल्यावर बढती मिळत जाते. आधी यार्डात इंजिन मागेपुढे करायचं म्हणजे शंटिंगचं काम, मग मालगाडी, मग पॅसेंजर आणि शेवटी मेल-एक्सप्रेस. मुंबईच्या लोकलवर असतात ते मोटरमन. गाडीच्या शेवटी जे असतात, ज्यांना आपण गार्ड म्हणायचो, त्यांना आता 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात.

आता पहिला गैरसमज. बैठकीत एक मावशी म्हणाल्या होत्या, "एवढी मोठी गाडी वळवायला ताकद किती लागत असेल!" तर सख्यांनो, रेल्वेला स्टिअरिंगच नसतं. गाडी रुळांवरून जाते. कोणत्या रुळावर घ्यायची हे स्टेशन मास्तर आणि कंट्रोल ऑफिस ठरवतं. लोको पायलटच्या हातात मुख्य गोष्टी तीन: वेग वाढवणं-कमी करणं, ब्रेक आणि हॉर्न. कोळशाच्या इंजिनात फावड्याने कोळसा टाकावा लागायचा, तेव्हा अंगमेहनत होती. आताची इंजिनं विजेवर किंवा डिझेलवर चालतात.

मग कठीण काय आहे? सतत लक्ष ठेवणं. आणि ते लक्ष टिकावं म्हणून पुरेशी झोप घेणं. या कामाची खरी परीक्षा तिथेच आहे.

एक ड्युटी कशी असते

समजा, मालगाडीची ड्युटी आहे. मालगाडीला पक्कं वेळापत्रक नसतं. रात्री साडेअकराला फोन येतो, दोन तासांनी हजर व्हा. पोरगी उठते, गणवेश घालते, डबा भरते आणि दीडच्या सुमारास 'लॉबी'त पोचते. लॉबी म्हणजे कामावर हजर होण्याचं ऑफिस. तिथे आधी मशीनमध्ये फुंकर मारायची. दारूचा जराही अंश निघाला तर ड्युटी नाही, वर कारवाई. ही तपासणी बाई-पुरुष सगळ्यांना सारखीच.

मग वाटेतल्या सूचनांचा कागद मिळतो. कुठे रुळाचं काम चालू आहे, कुठे वेग कमी ठेवायचा, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. तो वाचून समजून घ्यायचा. इंजिनावर गेलं की सहायकाने टॉर्च घेऊन इंजिन तपासायचं, ब्रेक नीट लागतोय ना बघायचं. इंजिनाची शिडी उंच आणि उभी असते. आपण एसटीत चढतो तसं सोपं नाही ते.

गाडी सुटली की मोबाईल बंद. घरून कोणी फोन केला तरी लागणार नाही. यापुढे काम एकच, समोर बघायचं. सिग्नल दिसला की सहायकाने तो मोठ्याने सांगायचा आणि लोको पायलटने तोच परत म्हणायचा. दोघांच्या तोंडून एकच रंग आला पाहिजे. लाल म्हणजे थांबा. एक पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीने चला. दोन पिवळे म्हणजे पुढे जा, पण पुढचा सिग्नल सावधानतेचा असणार. हिरवा म्हणजे वाट मोकळी. रात्रभर प्रत्येक सिग्नलला हे चालतं. लाल सिग्नल ओलांडला तर माफी जवळजवळ नाही. चौकशी होते, नोकरीही जाऊ शकते, कारण पुढच्या रुळावर दुसरी गाडी उभी असू शकते.

रुळाच्या कडेला पिवळ्या पाटीवर 'सी/फा' लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. त्याचा अर्थ 'सीटी, फाटक'. पुढे फाटक आहे, हॉर्न वाजवा. आपल्याला शेतात जो लांब हॉर्न ऐकू येतो, तो त्या पाटीपासून वाजवलेला असतो.

इंजिनात झोप लागू नये म्हणून एक यंत्र असतं. साधारण मिनिटभर चालकाने कशालाच हात लावला नाही, तर दिवा लुकलुकतो, मग बझर वाजतो. तरीही बटण दाबलं नाही, तर गाडीला आपोआप ब्रेक लागतो. म्हणजे रात्रभर दर मिनिटाला ते यंत्र विचारतं, "जागी आहेस ना?"

मालगाडीचं आणखी एक दुखणं म्हणजे थांबणं. मागून एक्सप्रेस येत असली की मालगाडी बाजूच्या रुळावर उभी करतात. कधी अर्धा तास, कधी दोन-तीन तास. आजूबाजूला नुसतं रान, मे महिन्यात इंजिन तापलेलं. नव्या इंजिनांत एसी बसवायला लागलेत, पण सगळ्यांत नाही.

मुक्कामाच्या ठिकाणी पोचलं की 'रनिंग रूम'मध्ये विश्रांती. तिथे खाट मिळते, स्वस्तात जेवण मिळतं. काही तास झोपायचं, परत फोन, परत दुसरी गाडी घेऊन घराकडे. घर सोडल्यापासून परत उंबऱ्यात पाय ठेवेपर्यंत दीड-दोन दिवस जातात, कधी जास्तही.

ब्रेक मारला म्हणून गाडी थांबत नाही

हा भाग आपल्या सगळ्यांसाठी आहे, मुलगी रेल्वेत जावो न जावो.

भरलेली मालगाडी पाऊण किलोमीटरच्या आसपास लांब असते. कोळशाच्या मालगाडीला ५८-५९ डबे लागतात आणि वजन पाच हजार टनांच्या घरात जातं. एक टन म्हणजे दहा क्विंटल. आपला कापूस क्विंटलमध्ये मोजतो ना, तर हे पन्नास हजार क्विंटल झालं. एवढं ओझं वेगात असताना ब्रेक लावला तरी ते लगेच थांबत नाही. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगातली एक्सप्रेस एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर पुढे जाते. आपत्कालीन ब्रेक मारला तरी ती थांबायला एक किलोमीटरच्या आसपास अंतर लागू शकतं.

मुंबईकडे जाताना कसारा-इगतपुरी घाट लागतो. तिथे ३७ मीटर पुढे गेलं की रूळ एक मीटर चढतो. आपल्याला हा चढ किरकोळ वाटेल, पण रेल्वेसाठी तो फार मोठा. चढताना गाडीला मागून जास्तीची इंजिनं लावून ढकलावं लागतं. उतरताना तर गाडी थोडीही हातातून सुटता कामा नये. अशा घाटातून गाडी न्यायला वेगळं प्रशिक्षण लागतं. साध्या मार्गावरसुद्धा नव्या पायलटला आधी जुन्या पायलटसोबत फेऱ्या मारून वाट पाठ करावी लागते. दिवसाही आणि रात्रीही. कुठे वळण, कुठे उतार, कोणता सिग्नल झाडामागे लपतो, हे डोक्यात बसल्याशिवाय मार्ग हातात देत नाहीत.

आता विचार करा. रुळावर आपली गाय आली, किंवा एखादं माणूस घाईने रूळ ओलांडताना अडखळलं, तर पायलटला ते समोर दिसतं. तो हॉर्न वाजवतो, ब्रेक मारतो आणि मग बघत बसण्याशिवाय त्याच्या हातात काही राहत नाही. गाडी बाजूला घेता येत नाही, मघाशी सांगितलं तसं स्टिअरिंगच नाही. ज्या काकांशी मी बोलले ते म्हणाले, "आवाज कानातून जात नाही. पण गाडी तर पुढे न्यावीच लागते, मागे हजार माणसं बसलेली असतात." जीव द्यायला रुळावर येणारी माणसंही त्यांनी पाहिली आहेत. या कामातलं हे सगळ्यात जड ओझं आहे आणि ते पगाराच्या चिठ्ठीत दिसत नाही. मुलीला या कामात पाठवायचं तर हे तिला आधीच माहीत असलं पाहिजे. असा प्रसंग तिच्या वाट्याला आला, तर घरी आल्यावर "विसरून जा" म्हणून गप्प करू नका. तिला बोलू द्या, रडू द्या.

आणि आपण एवढं तरी करूच शकतो. फाटक बंद असताना खालून वाकून जायचं नाही. गुरं रुळाकडेला सोडायची नाहीत. पोरांना रुळावर खेळू द्यायचं नाही.

सोळा तासांची विश्रांती : कागदावर आणि घरात

रेल्वेचा नियम आहे की आठ तास किंवा त्याहून जास्त ड्युटी झाली, तर मुख्यालयी म्हणजे घरच्या ठिकाणी १६ तास विश्रांती. आठ तासांपेक्षा कमी झाली, तर १२ तास. पंधरवड्याचे कामाचे तास १०४ धरलेत. कागदावर ठीक वाटतं. गर्दीच्या दिवसांत, माणसं कमी असली की ड्युटी लांबते, ही तक्रार मात्र सगळ्यांचीच.

पण मला तुमच्याशी बोलायचंय ते त्या १६ तासांबद्दल. पुरुष पायलट पहाटे घरी येतो, तेव्हा घरचे काय करतात? टीव्हीचा आवाज कमी करतात, पोरांना बाहेर काढतात, "बाबा झोपलेत" म्हणून दार लोटून घेतात. आता तिथे सून आहे असं समजा. पहाटे सहाला ती ड्युटीवरून आली. पाणी यायची वेळ तीच, पोराच्या शाळेचा डबा तेव्हाच, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचंय, दुपारी कोणीतरी पाहुणे टपकतात. सगळं उरकून ती चारला आडवी होते आणि आठला फोन येतो, "दहाला हजर व्हा."

त्याच रात्री तीन वाजता ती इंजिनात बसलेली असते आणि समोर पिवळा सिग्नल येतो.

एका मुलीने मला सांगितलं, "ताई, मला इंजिनाची भीती कधीच वाटली नाही. मला भीती वाटते न झोपता ड्युटीला जायची." तेव्हा "बाईमाणसाला झेपेल का?" असं विचारण्याआधी आपण स्वतःला विचारू या, की आपल्या घरात बाईला दिवसा झोपायची परवानगी आहे का? दुपारी डोळा लागला तर "आळशी" म्हणणारं घर असेल, तर त्या घरच्या पोरीने आणि तिच्या मागच्या डब्यांमधल्या हजार माणसांनी ही जोखीम घेऊ नये. लग्न ठरवताना पगार सांगतो, तसं हेही सांगायचं. "हिची झोप ही हिच्या नोकरीचा भाग आहे" असं स्पष्ट बोलायचं. सासरच्यांना ते पटलं तरच पुढे जायचं.

बाई म्हणून येणाऱ्या अडचणी

इथे काही लपवत नाही.

पहिली अडचण शौचालयाची. बऱ्याच इंजिनांत अजूनही शौचालय नाही. नव्या काही इंजिनांत सोय करायला सुरुवात झालीय, पण पोरीच्या वाट्याला कोणतं इंजिन येईल हे सांगता येत नाही. मग काय होतं? मुली पाणीच पीत नाहीत. आपणही बाजाराच्या दिवशी, लग्नाच्या गाडीत, शेतात हेच करतो ना? एक दिवस चालतं, रोज केलं की लघवीची जळजळ, किडनीचा त्रास सुरू होतो. पाळीच्या दिवसांत तर विचारायलाच नको.

दुसरी अडचण रात्री खाली उतरायची. कोणी साखळी ओढली किंवा गाडीत काही बिघाड झाला, तर सहायकाला टॉर्च घेऊन खाली उतरावं लागतं. खडीवरून चालत जाऊन बघायचं, ते ठीक करून परत यायचं. अंधार, पाऊस, साप-विंचू आणि आजूबाजूला वस्ती नाही.

तिसरी अडचण गरोदरपणाची. इंजिनाच्या शिडीवर चढ-उतार, हादरे, अवेळी जेवण. गरोदर महिलांना हलकं काम द्या, इंजिनात सोयी करा, नाहीतर दुसऱ्या विभागात बदलून द्या, ही मागणी महिला लोको पायलटांनी रेल्वे बोर्डापर्यंत नेलेली आहे. केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे १८० दिवस बाळंतपणाची रजा मिळते. मुलांच्या संगोपनासाठी पूर्ण नोकरीत मिळून ७३० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे. पण ती हवी तेव्हा मंजूर होईलच असं नाही.

चौथी अडचण नेमणुकीची. पोस्टिंग घराजवळ मिळेल असं धरून चालू नका. ती दुसऱ्या राज्यातही होऊ शकते आणि बदलीला वर्षं लागू शकतात.

या अडचणी आहेत म्हणून बायकांनी मागं राहावं, असं मात्र मला वाटत नाही. आधी तर गावात बायकांना बँकेतही कोणी उभं करत नव्हतं. आपण गेलो तेव्हा तिथे खुर्च्या आल्या.

सुरेखाताईंची वाट

सातारा जिल्ह्यातल्या शेतकरी घरातल्या सुरेखा यादव यांनी कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकल डिप्लोमा केला आणि १९८९ मध्ये त्या सहायक चालक झाल्या. आशियातली पहिली महिला रेल्वेचालक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. थेट मोठ्या गाडीवर त्या बसल्या नाहीत. आधी मालगाडी, मग लोकल, मग घाटातली इंजिनं. २०११ च्या ८ मार्चला त्यांनी पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीन नेली. १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत एक्सप्रेस चालवली. सप्टेंबर २०२५ अखेर, ३६ वर्षांच्या सेवेनंतर त्या निवृत्त झाल्या. मुंबईच्या लोकल चालवणाऱ्या मुमताज काझी यांना २०१७ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते नारी शक्ती पुरस्कार मिळाला.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, हे काम बाई करू शकते का हा प्रश्न १९८९ मध्येच सुटलाय. दोन, सुरेखाताईंकडे आधी तांत्रिक शिक्षण होतं. नुसत्या हौसेवर हे होत नाही.

मिळतं काय?

सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सहायक लोको पायलटचा सुरुवातीचा मूळ पगार १९,९०० रुपये. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि गाडी जितके किलोमीटर चालवली त्याप्रमाणे वेगळा भत्ता. शिवाय कुटुंबाला दवाखान्याची सोय आणि प्रवासाचा पास. बढती मिळत गेली की पगार चांगला वाढतो. पगार पोरीच्या नावाच्या खात्यात जमा होतो, हेही लक्षात असू द्या. खातं तिनेच चालवायचं.

नोकरी लागते कशी?

भरती रेल्वे भरती मंडळाकडून होते. जाहिरात निघाली की पायऱ्या अशा असतात.

१. शिक्षण : दहावी आणि ठरवून दिलेल्या ट्रेडचा आयटीआय (फिटर, इलेक्ट्रिशियन वगैरे), किंवा दहावीनंतर मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा ऑटोमोबाईलचा डिप्लोमा. इंजिनिअरिंगची पदवीही चालते. नुसती बारावी, बीए, बीकॉम असलेल्यांना या जागेसाठी अर्ज करता येत नाही. शिवणकाम किंवा ब्युटी पार्लरचा आयटीआयही चालत नाही. म्हणून आठवी-नववीतल्या पोरीची आई हे वाचत असेल, तर आयटीआयचा ट्रेड निवडतानाच विचार करा.

२. वय : साधारण १८ ते ३०. ओबीसींना ३ वर्षं आणि अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षं सूट. नेमकी तारीख त्या वेळच्या जाहिरातीत बघा.

३. डोळे : हे सगळ्यात आधी तपासा. या पदाला चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांची दूरची नजर ६/६ लागते, रंग ओळखता आले पाहिजेत. चष्मा असेल तर जमत नाही आणि चष्मा काढायचं लेसर ऑपरेशन केलेलं असेल तरीही चालत नाही. दोन वर्षं अभ्यास करून, परीक्षा पास होऊन शेवटी मेडिकलला बाहेर पडणाऱ्या मुली आहेत. सरकारी दवाखान्यात जाऊन डोळे आजच तपासून घ्या.

४. परीक्षा : पहिली संगणकावर, ७५ प्रश्न, ६० मिनिटं. गणित, बुद्धिमत्ता, सामान्य विज्ञान आणि चालू घडामोडी. दुसरी परीक्षा मोठी आणि त्यात आपल्या ट्रेडचाही भाग असतो. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात, म्हणून अंदाजाने ठोकायचं नाही. या दोन्ही परीक्षा मराठीतून देता येतात.

५. कल चाचणी : ही या पदासाठी द्यावीच लागते. स्मरणशक्ती, सूचना नीट पाळणं, अंतराचा अंदाज, एकाग्रता आणि पटकन फरक ओळखणं अशा पाच चाचण्या असतात. पाचही पास व्हाव्या लागतात, कोणालाही सूट नाही. ही चाचणी हिंदी-इंग्रजीत असते, म्हणून हिंदीतल्या सूचना वाचायची सवय ठेवा. बघा, इथेही कोणी ताकद मोजत नाही, लक्ष मोजतात.

६. मग कागदपत्रं आणि मेडिकल. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव, आधारवरचं नाव आणि जन्मतारीख जुळली पाहिजे. जातीचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात लागतो, ओबीसींना नॉन-क्रिमीलेअरही. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर त्याचे कागद आधीच तयार ठेवा.

नेमणूक झाली की काही महिने प्रशिक्षण असतं. आपल्या जवळ भुसावळला रेल्वेचं मोठं प्रशिक्षण केंद्र आहे.

एजंटला एक रुपयाही नको

आता गटाच्या पैशाचं. महिलांसाठी फॉर्मची फी २५० रुपये आहे आणि पहिली परीक्षा दिली की बँकेचा खर्च वजा करून ती परतही मिळते. फॉर्म भरायचा सरकारी खर्च एवढाच. याशिवाय जो कोणी म्हणेल, "माझी वर ओळख आहे, तीन लाख द्या, पोरीला रेल्वेत लावतो," तो फसवतोय. परीक्षा संगणकावर होते, निकाल मंडळाच्या वेबसाईटवर लागतो, मधे कोणाचा हात नसतो. बनावट नेमणूकपत्र घेऊन पोरं-पोरी थेट रेल्वेच्या ऑफिसात हजर होतात आणि तिथे कळतं की पत्र खोटं आहे, असे प्रकार देशभर झालेत.

गटाने ठरवून टाकावं की 'नोकरी लावण्यासाठी' म्हणून अंतर्गत कर्ज मंजूर करायचं नाही. आयटीआयची फी, पुस्तकं, परीक्षेला जायचा प्रवासखर्च, गरज असेल तर क्लासची फी यासाठी कर्ज द्यायला हरकत नाही. पण पावती बघूनच. कोणी एजंट गावात फिरत असेल तर आपल्या सीआरपीला किंवा मला कळवा. पैसे दिलेले असतील तर लाज वाटून गप्प बसू नका, पोलिसांत तक्रार करा.

पुढच्या बैठकीत एवढं बोलू या

ज्या घरात मुलगी आयटीआय, डिप्लोमाला आहे किंवा जाणार आहे, त्या ताईंनी पुढच्या बैठकीआधी तीन गोष्टी कराव्यात. एक, मुलीचे डोळे तपासून घ्या. दोन, हे पान तिला आणि घरातल्या पुरुषांनाही वाचून दाखवा, विशेषतः झोपेचा भाग. तीन, मुलीला विचारा, "तुला हे काम करायचंय, की फक्त सरकारी नोकरी हवीय?" फक्त नोकरी हवी असेल, तर रेल्वेत आणि बाहेरही दुसऱ्या जागा निघतात, जिथे रात्र रानात काढावी लागत नाही. तिकडचा फॉर्म भरा, त्यात कमीपणा काही नाही.

पण ती म्हणाली की मला इंजिनच चालवायचंय, तर आपलं काम सोपं आहे. तिला गणिताचं पुस्तक आणून द्या, सकाळचा एक तास घरकामातून मोकळा ठेवा आणि दुपारी तिचा डोळा लागला तर दार हळूच लोटून घ्या.

तुमची,
क्षेत्र समन्वयक